न सुधारलेला चेहरा

नवीन माणूस डागकाकांना हमखास लाँड्रीवाला समजायचा. एक बाई तर खरोखरच शाईचा डाग पडलेला शर्ट घेऊन आल्या होत्या. पण काका कपड्यांवरचे नव्हे, माणसांवरचे डाग काढायचे. कोपऱ्यावरच्या फोटो स्टुडिओत रिटचिंगच्या टेबलाशी बसून त्यांना तीस वर्षं झाली होती. मालकाने फोटो काढायचा आणि काकांनी तो दुरुस्त करायचा. मुरूम, कांजिण्यांचे व्रण, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, एक वर एक खाली अशा भुवया, सगळं त्यांच्या हाताखालून सरळ होऊन जायचं. आधी निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलीने, मग फोटोवर तीन केसांच्या ब्रशाने, आणि पुढे कॉम्प्युटर आल्यावर माऊसने. शेजारची चांगली कातडी उचलायची आणि डागावर ठेवायची. हात इतका साफ, की कुठे काय होतं ते जन्मदात्या आईलासुद्धा सापडू नये.

आणि याचा काकांना अभिमान होता, थोडाथोडका नाही. "आपल्या टेबलावरून कुणी रडत गेलेलं नाही," असं ते दिवसातून एकदा तरी ऐकवायचे. ऐकणारा कोण, तर मालक, आणि तो ऐकून ऐकून बहिरा झालेला.

स्टुडिओच्या दर्शनी काचेत नमुन्याचे फोटो लावलेले असत. मधोमध, सगळ्यांत मोठा, काका-काकूंच्या लग्नाचा. मालकाने भेट म्हणून काढलेला आणि काकांनी तीन दिवस बसून रिटच केलेला. बावीस वर्षं तो तिथेच होता. आता, काकूंच्या डाव्या गालावर जन्मापासून एक लालसर डाग आहे. कानाच्या पाळीपासून हनुवटीच्या कडेपर्यंत, दोन बोटं रुंद. काकू चिडल्या की तो गडद होतो. काका घरात शिरताना आधी त्या गालाकडे बघतात आणि मग ठरवतात, तोंड उघडायचं की गुपचूप हातपाय धुवायला जायचं. म्हणजे तो डाग त्यांना माहीत नव्हता असं कुणी म्हणू नये. पण फोटोत तो नाही. फोटोत काकूंचा गाल नुकत्याच घासलेल्या बशीसारखा कोरा.

काकूंची एक खोड होती. बाजारात जायला स्टुडिओवरून जाणारा रस्ता सरळ, पाच मिनिटांचा. पण काकू मागच्या गल्लीने जायच्या, चांगला पंधरा मिनिटांचा वळसा घालून, पिशव्यांच्या ओझ्यासकट. "हिला फुकटचं चालायची हौस," असं काका कौतुकाने सांगायचे. दिवे लावले होते त्यांनी अकलेचे, पण ते पुढे येईल.

तर झालं असं, की डाग काढायला फोन शिकला. बोट फिरवलं की कातडी गुळगुळीत. स्टुडिओत ओळखपत्रांच्या फोटोंपलीकडे काम उरलं नाही. काका टेबलाशी बसून पाठकोऱ्या कागदांवर चेहरे काढायला लागले, मनाने, कुणी न सांगता. जन्मभर दुसऱ्याने काढलेल्या चित्रावर हात फिरवला, आपलं म्हणावं असं एकही नाही, हे त्यांना एकोणपन्नासाव्या वर्षी पहिल्यांदा टोचलं. आणि नेमकी तेव्हाच चित्रशाळेची नोटीस बसस्टॉपच्या खांबावर दिसली. दोन वर्षांचा अभ्यासक्रम, सकाळचे वर्ग, वयाची अट नाही. चाचणी द्यायची आणि सोबत आठ चित्रं आणायची.

काकांनी नोटीस वाचली, इकडेतिकडे बघितलं आणि जणू खिसा कापत असल्यासारखा खालचा पत्ता फाडून घेतला. कारण काय, तर लाज. पन्नाशीला आलेला माणूस बाकावर बसून चित्रं काढणार? मालक हसेल, सासुरवाडी हसेल, आणि चाचणीत नापास झालो तर तोंड कुठे लपवू? म्हणून कुणालाच सांगितलं नाही, काकूंनाही. काकू वाचताना, शिवताना, खिडकीशी उभ्या असताना गुपचूप बघून त्यांची आठ चित्रं काढली, फाईलमध्ये घातली आणि फाईल कपाटाच्या मागे सरकवली. चाचणीच्या दिवशी काकूंना सांगितलं, डोळे तपासायला चाललोय.

चित्रशाळेच्या हॉलमध्ये टर्पेंटाईनचा वास होता आणि तीसेक स्टुलं गोल मांडलेली. बाकी सगळी पोरं, कुणाच्या कानात वायर, कुणाच्या पँटला रंग. एकाने काकांना विचारलं, "सर, चाचणी किती वाजता सुरू करणार?" काका म्हणाले, "मीपण द्यायलाच आलोय," आणि इतकं हळू म्हणाले की त्याने दोनदा विचारलं.

मधल्या खुर्चीवर एक आजी येऊन बसल्या. पूर्वी कुठेतरी शिलाईच्या कारखान्यात होत्या, आता चित्रशाळेत मॉडेल म्हणून बसायच्या. त्यांच्या डाव्या डोळ्याची पापणी पडलेली होती, अर्ध्याहून जास्त, डोळा जेमतेम फटीएवढा. एका तासात त्यांचा चेहरा काढायचा होता.

पेन्सिल हातात आली आणि काकांची भीती पळाली. पोरं कोळशाच्या कांड्या खांद्यापासून फिरवत होती, खोडत होती, कागद काळे करत होती. काकांचं काम कसं शांत. चाळीस मिनिटांत चेहरा तयार. शेजारचा मुलगा वाकून बघून म्हणाला, "बाप रे, फोटोच!" दोघंतिघं उठून आले. काका वरून "छे छे" म्हणाले, पण आतून फुगले होते. एवढे दिवस उगाच घाबरलो, असंही त्यांच्या मनात येऊन गेलं.

तास संपला. आजींची पद्धत अशी की उठल्यावर सगळ्यांची चित्रं एकदा फिरून बघायची. फिरत फिरत त्या काकांच्या बोर्डापाशी आल्या आणि थांबल्या.

"अगंबाई, ही कोण?"

"तुम्हीच," काका म्हणाले.

"मी? अहो, माझा हा डोळा मिटून बारा वर्षं झाली. तीन डॉक्टर झाले. तुम्ही एका तासात उघडून दिलात! इतके दिवस कुठे होता?"

हॉलभर हशा पिकला. काकांनी कागदाकडे बघितलं. दोन्ही डोळे टक्क उघडे, दोन्ही सारखे, एका मापाचे. आणि सांगायची गोष्ट म्हणजे, आपण हे कधी केलं ते त्यांना आठवेना. ठरवून केलेलं नव्हतं. पापणी दिसली होती, नीट दिसली होती, आणि हाताने ती परस्पर दुरुस्त करून टाकली होती. काकाही सगळ्यांबरोबर हसले. कानांच्या पाळ्या तापून लाल झाल्या होत्या तरी हसले. आजी पुढे गेल्या, आणि जाता जाता त्यांनी तो डोळा क्षणभर तळहाताने झाकला, उगाच, केस सारखे करावेत तसा. काकांना हशापेक्षा ते जास्त लागलं.

शिकवणाऱ्या बाई हसल्या नव्हत्या. काकांपेक्षा पंधरा वर्षांनी लहान असतील. स्टूल ओढून समोर बसल्या.

"पापणी दिसली नव्हती का तुम्हाला?"

"दिसली होती."

"मग?"

बाईंनी फाईल मागितली. एकेक चित्र बघत गेल्या, आठही.

"या कोण?"

"आमच्या... घरच्या."

"चेहरा गोड आहे. असाच आहे? यातून काही काढलं नाहीत ना?"

आणि काका म्हणाले, "नाही हो. तिच्या चेहऱ्यावर काढण्यासारखं काही नाहीच."

बोलून गेले आणि मग त्यांना आपलेच शब्द ऐकू आले. मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्या गालाला बघून बावीस वर्षं घरात पाऊल टाकलं, तो गाल चारचौघांत नाकबूल करून मोकळे झाले होते, आणि तेही कौतुकाच्या सुरात. परत घ्यावं म्हणून तोंड उघडलं, पण बाई बोलायला लागल्या होत्या.

"हात पक्का आहे तुमचा. इतका पक्का हात आज इथे कुणाचाच नाही. पण तुम्ही बघता एक आणि काढता दुसरंच. सोमवारी एक चेहरा घेऊन या. एकच. त्यात काहीही सुधारलेलं नको. तसा जमला तर जागा तुमची. नाही जमला तर मी दुसऱ्याला देईन, राग मानू नका."

काका दोन स्टॉप आधीच बसमधून उतरले आणि चालत घरी गेले. वाटेत स्टुडिओ लागला. बंद होता. काचेतून काकू त्यांच्याकडे बघून हसत होत्या, कोऱ्या गालाच्या काकू. काकांनी मान खाली घातली आणि पुढे झाले.

घरी काकू टेबलाशी बसून मटार सोलत होत्या.

"काय म्हणाले डोळ्यांचे डॉक्टर?"

"नंबर तोच आहे," काका म्हणाले. लाज कोळून प्यायल्यासारखं एकावर एक खोटं.

"मग काखेत ती फाईल कशाची? डोळ्यांचे एक्स-रे काढले का?"

काकांनी फाईल पाठीमागे नेली.

"अहो, कपाटामागे मी झाडू घालत नाही असं वाटलं का तुम्हाला? महिना झाला, बघितलीयेत मी ती चित्रं."

"बघितलीस?"

"बघितली. सुरेख आहेत." काकूंनी एक शेंग मोडली. "कोण आहे ती?"

एका दिवसात तिसऱ्यांदा तोच प्रश्न. काका खुर्चीत बसले आणि मग सगळं सांगून टाकलं. नोटीस, चाचणी, आजींचा डोळा, हशा. आणि शेवटी, मटारांच्या टरफलांकडे बघत, बाईंना काय सांगितलं तेही. सवयीने त्यांनी काकूंच्या गालाकडे बघितलं. डाग गडद झालेला नव्हता. काकू चिडल्या असत्या तर काकांना बरं वाटलं असतं.

"आपली ओळख कशी झाली, आठवतं?" काकूंनी विचारलं.

"तू नोकरीच्या अर्जासाठी फोटो काढायला आली होतीस."

"त्या फोटोतला डाग तुम्ही काढलात. मी सांगितलं नव्हतं."

"मला वाटलं, तुला बरं वाटेल."

"मुलाखतीला गेले. साहेबांनी फोटो बघितला, मला बघितलं, परत फोटो बघितला. म्हणाले, चुकून बहिणीचा लावलात का? सगळे हसले. मीपण हसले. नोकरी काही मिळाली नाही."

काकांना हे बावीस वर्षांत पहिल्यांदा कळत होतं. "मला कधी बोलली नाहीस."

"काय बोलायचं? तुम्ही चांगल्या मनाने केलं होतं, दिसत होतं ते. बाकीचे गालाशी बोलायचे, तुम्ही एकटे माझ्याशी बोललात. म्हणून तर लग्नाला हो म्हटलं." काकूंनी मटार बोटांनी सारखे केले. "वाटलं होतं, लग्न झाल्यावर तरी थांबाल. रोज बघून सवय होईल."

"सवय झालीच होती गं."

"मग चित्रात का नाही?"

काकांनी टेबलावरची टरफलं एका बाजूला गोळा केली.

"आणि तो काचेतला फोटो," काकू म्हणाल्या. "नवी नवरी असताना दोनदा गेले त्या रस्त्याने. दुसऱ्यांदा दोन मुली काचेपाशी उभ्या होत्या. त्यांनी फोटो बघितला, मला बघितलं, आणि एकमेकींना कोपरं मारली. त्यानंतर मी मागच्या गल्लीने जाते."

हिला चालायची हौस! काकांना आपलंच थोबाड फोडून घ्यावंसं वाटलं. किती जणांना सांगितलं होतं ते, हसत हसत. जेवायला बसले आणि भात नुसता चिवडत राहिले. काकू मात्र नीट जेवल्या. म्हणाल्या, "आता माझ्यापुढे तोंड पाडून बसू नका. त्याचंही मलाच बघावं लागतं."

रविवारी सकाळी काकूंनीच खिडकीशी खुर्ची ओढली. बसल्या त्या उजवा गाल पुढे करून. मान आपोआप तशी वळली. फोटो काढताना, पाहुण्यांत बसताना, नेहमी तशीच वळायची आणि काका नेहमी म्हणायचे, छान, अशीच बस.

"इकडे वळ," काका म्हणाले. "डावीकडून."

काकूंनी त्यांच्याकडे बघितलं. "बावीस वर्षांत कधी असं म्हणाला नाहीत. आता शाळेला हवाय म्हणून का?"

नाही म्हणावं असं काकांच्या जिभेवर आलं होतं. पण त्या आठवड्यात खोटं बोलून बोलून त्यांना स्वतःचाच वीट आला होता. "हो," ते म्हणाले. "शाळेला हवाय म्हणूनच विचारतोय. नाहीतर विचारलं नसतं. मला लाज वाटते, पण खरं तेच आहे."

काकूंनी मान वळवली.

कपाळ झालं, डोळे झाले, नाक झालं. गालापाशी पेन्सिल आली आणि सरळ पुढे निघून गेली. काकांनी हात मागे आणला. पुन्हा तेच. हात ऐकेना. तीस वर्षांची सवय, ती एका रविवारी कुठली सुटायला! तिसऱ्यांदाही पेन्सिल गालावरून अलगद सरकली तेव्हा त्यांनी ती खाली ठेवली आणि ओंजळीत तोंड धरलं.

"काय झालं?"

"जमत नाहीये गं. इतका जवळून बघतोय तरी हात टाळतोय."

"घाई कुठे आहे," काकू म्हणाल्या. "कानापाशी सुरुवात करा. तिथे सगळ्यांत गडद आहे. खाली येईल तसा फिका होतो, आणि मध्ये एक गोरा ठिपका आहे. तो सोडा." आपल्याच अंगणाचा रस्ता सांगावा तसं त्या सांगत गेल्या.

काकांनी कानापासून सुरुवात केली. तो गोरा ठिपका त्यांना कधीच माहीत नव्हता. डागाची कड सरळ नव्हती, बारीक बारीक नखरे होते तिला, आणि काकू बोलताना खालचं टोक हलायचं. रोज समोर असलेली गोष्ट ते पहिल्यांदा बघत होते. दुपार झाली तरी दोघं उठले नाहीत.

चित्र झाल्यावर काकूंनी ते हातात घेतलं. बराच वेळ बघितलं. मग म्हणाल्या, "कान जरा मोठा झालाय," आणि त्यांचे डोळे भरून आले.

"उद्या नेऊ?" काकांनी विचारलं.

"अजिबात नाही." काकूंनी चित्र छातीशी धरलं. "हे माझं आहे. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा माझं चित्र निघालंय. ते काय परीक्षेला पाठवायचं?"

काका हो म्हणाले. शाळेची जागा गेली हे त्यांना कळत होतं. आशा तर केवढी लावून बसले होते. पण मागायचं तोंड कुठे होतं त्यांना?

सोमवारी ते आधी स्टुडिओत गेले, काच उघडली आणि लग्नाचा फोटो उतरवला. मालक चहाचा कप घेऊन धावत आला. "अहो, काय करताय? नमुना आहे तो आपला!"

"त्यात चूक राहिलीय," काका म्हणाले.

"बावीस वर्षांत कुणाला दिसली नाही ती?"

"एकीला दिसत होती."

मग रिकामी फाईल काखेत मारून चित्रशाळेत गेले. जायची तशी गरज नव्हती. पण बाईंना खोटं सांगितलेलं तसंच ठेवून घरी बसणं त्यांना जमेना. बाईंच्या टेबलासमोर उभं राहून, शाळकरी पोराने छडी खायला उभं राहावं तसे, ते म्हणाले, "त्या दिवशी मी खोटं बोललो. माझ्या बायकोच्या गालावर मोठा डाग आहे. आठही चित्रांतून मीच तो काढला. काल खरं चित्र काढलंय, पण ते तिचं आहे आणि ती देत नाही. तेव्हा माझ्याकडे दाखवायला काही नाही. एवढंच सांगायला आलो होतो."

बाईंनी पेन खाली ठेवलं. हॉलकडे बोट केलं. "आजी आत चहा पिताहेत. वर्ग सुरू व्हायला अर्धा तास आहे. विचारून बघा."

काकांनी आजींची आधी माफी मागितली. आजी म्हणाल्या, "माफी राहू दे. पण यावेळी डोळा उघडलात तर फी घेईन, डॉक्टरची!" काका हसले नाहीत. त्यांनी स्टूल जवळ ओढलं आणि मिटलेल्या डोळ्यापासून सुरुवात केली. पापणीला तीन सुरकुत्या होत्या आणि फटीतून आतली बाहुली अजून जिवंत होती. अर्ध्या तासात चेहरा निम्माच झाला, पण तो डोळा पुरा झाला. आजींनी वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "हं. ही मीच." बाईंनी यादीत काकांचं नाव लिहिलं.

काका घरी आले तेव्हा काकू नव्हत्या. जिन्यात पावलं वाजली, आणि काकू भाजीची पिशवी घेऊन आत आल्या. रोजच्यापेक्षा लवकर.

"काच रिकामी आहे," त्या म्हणाल्या.

"तू समोरून आलीस?"

"हो." काकूंनी पिशवी टेबलावर ठेवली आणि बोटांवरचे पिशवीचे वळ चोळले. "जवळ पडतं."

काका त्या वळांकडे बघत उभे राहिले. बावीस वर्षं तो रस्ता जवळच होता. त्यांनी पुढे होऊन पिशवी उचलली आणि भाजी काढून ठेवायला लागले. यादीत नाव लागल्याचं सांगायचं राहूनच गेलं.